लोणावळ्यातली ३२३ माणसं आणि बाटली क्रमांक ५३-एन : वॉल्डेमार हाफकिन यांची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात वलवणला राहणाऱ्या माझ्या आत्याला ताप आला. लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पण फरक पडला नाही, म्हणून लघवीचा नमुना कल्चरला पाठवला. तीन दिवस वाट बघितल्यावर हातात आलेल्या रिपोर्टवर एकच ओळ होती : मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवा. मी वैतागलो. तीन दिवस ताप अंगावर काढायचा, पैसे भरायचे आणि उत्तर मिळणार 'पुन्हा पाठवा'? लॅबला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे समजावलं की बशीत दोन-तीन प्रकारचे जंतू उगवले आहेत. त्यावर औषधांची चाचणी लावली तर येणारं उत्तर नेमकं कोणत्या जंतूचं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. मला ते लगेच पटलं. दोन प्रोसेस एकाच फाईलमध्ये लॉग लिहीत असतील तर एरर कोणाची, हे शोधताना डोकं फिरतं, तसंच हे.

त्यानंतर जंतूंच्या चाचण्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि वाचता वाचता एका जुन्या तक्त्यापाशी येऊन थांबलो. १८९७ साल, प्लेगची लस, आणि गावांच्या यादीत एक नाव : लानवली, म्हणजे आपलं लोणावळा. तक्ता वॉल्डेमार हाफकिन यांचा होता. परळची हाफकिन संस्था आपल्याला माहीत असते, सर्पदंशाच्या औषधामुळे आणि पोलिओच्या डोसामुळे. ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे, त्या माणसाचं काय झालं, हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना प्राणिशास्त्र शिकवायला इल्या मेचनिकॉव होते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे, पुढे नोबेल मिळवणारे तेच मेचनिकॉव. १८८१ मध्ये रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तेव्हा विद्यार्थीदशेतले हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या गटात होते. त्यात ते जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकॉव यांनी शब्द टाकला म्हणून सुटले.

डॉक्टरेट झाली. पण प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदला, अशी अट आली. त्यांनी नकार दिला आणि विद्यापीठाच्या संग्रहालयात काम करत राहिले. १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर संस्था. मेचनिकॉव तिथे आधीच पोचले होते. संस्थेत संशोधकाची जागा मात्र नव्हती, रिकामी होती ती ग्रंथालयातली. हाफकिन यांनी तीच घेतली. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं.

त्या उरलेल्या वेळातून कॉलऱ्याची लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला, मग पुढचा डोस घेतला. वैद्यकीय जगात फार उत्साह दिसला नाही, कारण हा माणूस डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. हा शिक्का त्यांच्यावर आयुष्यभर राहिला आणि पुढे एका अवघड वळणावर तो चांगलाच महागात पडला.

लस खरंच चालते का हे बघायला कॉलरा जिथे दरवर्षी येतो तिथे जायला हवं होतं. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने वाट मोकळी झाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून जास्त लोकांना टोचलं. सक्ती नव्हती, येईल त्याला टोचायचं.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत त्यांनी ११६ जणांना टोचलं. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे जे रोगी निघाले ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीतले, तेच पाणी पिणारे लोक, काही टोचलेले आणि काही नाहीत. आज आपण ॲपच्या दोन आवृत्त्या दोन गटांना दाखवून तुलना करतो आणि त्याला मोठं नाव देतो. हाफकिन ते वहीत हाताने रकाने आखून करत होते.

मलेरियाने आजारी पडून १८९५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढच्या वर्षी परत आले.

एक खोली, एक व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक मुंबई सोडून पळू लागले आणि रेल्वेबरोबर रोगही घाट चढला. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावलं. ७ ऑक्टोबरला ते मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. माणसं किती? एक कारकून आणि तीन शिपाई. भारतातली पहिली प्लेगची लस या सेटअपवर बनली आहे. तिच्यासाठी नवा सर्व्हर मागून घ्यावा अशी सोय नव्हती.

आता ती लस कशी बनवली, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंग इथे आहे.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी वेगळा काढला होता. काखेत किंवा जांघेत गाठ येते, त्या गाठीतल्या द्रवात तो असतो. रोग्याच्या गाठीतून तो घ्यायचा आणि पोषक रस्सा भरलेल्या चंबूत वाढवायचा. पहिला प्रश्न रस्सा कशाचा? युरोपात गोमांसाचा वापरत. इथे ती लस कोणी टोचून घेतली असती? हाफकिन यांनी बोकडाचं मांस घेतलं. गाय नाही, डुक्कर नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. हा जंतू रश्श्यात कसाही वाढत नाही, त्याला लटकायला आधार लागतो. हाफकिन यांनी रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. हो, तूपच. खोबरेल तेलही चालायचं. थेंब वर तरंगतात, जंतू थेंबाच्या खालच्या बाजूला चिकटून वाढतात आणि चंबू अजिबात हलवला नाही तर खाली धाग्यांसारखे लोंबू लागतात, जणू देवळातलं झुंबर. मग चंबू हलवायचा, झुंबर तुटून तळाशी बसतं, थेंब पुन्हा वर येतात आणि त्यांच्याखाली नवं पीक सुरू होतं. असं पाच-सहा आठवडे चालायचं. शेवटी साधारण ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, वरून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि बाटल्या भरायच्या.

या झुंबराचा आणखी एक उपयोग होता, आणि आत्याच्या रिपोर्टशी माझं नातं तिथे जुळलं. चंबूत भलताच जंतू शिरला असेल तर वाढ अशी दिसत नाही, नुसता गढूळपणा येतो. म्हणजे झुंबर हा शुद्धतेचा पुरावा होता. डोळ्यांनी बघा आणि सांगा, आत एकच जंतू आहे की भेसळ आहे.

आजच्या लॅबमध्येही पहिली पायरी हीच असते. रोग्याच्या नमुन्यातून जंतू बशीतल्या आगारवर वाढवतात, ठिपक्यासारख्या वसाहती येतात, त्यातली एकच वसाहत उचलून पुन्हा वाढवतात. मग ते जंतू सलाइनच्या पाण्यात ठरावीक गढूळपणा येईपर्यंत मिसळतात. तो गढूळपणा ठरलेल्या प्रमाणाशी ताडून बघतात, कारण जंतू कमी-जास्त झाले की निकाल बिघडतो. नंतर ते म्यूलर-हिंटन आगारवर सारखे पसरवून वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. ३५ अंशांवर १६ ते १८ तासांनी बघतात. औषध जंतूला मारत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, प्रतिरोध असेल तर जंतू चकतीच्या अगदी जवळपर्यंत वाढलेला असतो. गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि रिपोर्टवर लिहायचं : हे औषध चालेल, हे चालणार नाही. मुळात वसाहत भेसळीची असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया. माझ्या आत्याचा नमुना त्यांनी परत मागवला, तो याच कारणासाठी. दुसऱ्या वेळी एकच जंतू उगवला, आणि आधी दिलेल्या गोळ्यांना तो दाद देत नव्हता हेही कळलं.

हाफकिन यांच्या काळात अँटिबायोटिक नव्हतंच. प्रतिरोधाचा प्रश्न उभा राहायला अजून पन्नास वर्षं होती. पण रोग्याच्या अंगातला जंतू बाहेर काढायचा, एकटा पाडायचा आणि तो एकटाच आहे याची खात्री करायची, ही शिस्त मात्र तीच.

कामाचा ताण इतका होता की एका सहकाऱ्याची मानसिक अवस्था बिघडली, इतर काहीजण सोडून गेले. तरी डिसेंबरपर्यंत सशांवर लस चालताना दिसली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर टोचून घेतलं. पुढे सामान्य माणसासाठी जो डोस ठरला त्याच्या तिपटीहून जास्त. ताप भरला, टोचल्याजागी दुखलं, पण काम थांबलं नाही.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना टोचलं. त्यानंतरचा हिशोब असा : टोचलेले १४७, त्यांत रोगी २, मृत्यू एकही नाही. न टोचलेले १७२, रोगी १२, मृत्यू ६. एकच इमारत, एकच जेवण, एकच हवा. मी सहज गणित केलं. लशीचा काही उपयोगच नसता, तर ते सहाच्या सहा मृत्यू निव्वळ योगायोगाने न टोचलेल्या बाजूला पडण्याची शक्यता साधारण ४२ मध्ये १ येते. म्हणजे आशादायक, पण पैज लावण्याइतकं पक्कं नाही. आकडे लहान होते. मोठे आकडे हवे होते.

घाटमाथ्यावर

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा हे रेल्वेचं गाव झालं. घाट चढून आलेल्या गाड्या इथे थांबायच्या, इंजिनांची कामं इथे चालायची आणि रेल्वेच्या नोकरीतली कुटुंबं दाटीने राहायची. मुंबई सोडून निघालेल्या माणसाला घाट चढल्यावर पहिलं मोठं ठाणं हेच. प्लेग इथे येणार हे उघड होतं, आणि १८९७ मध्ये तो आला.

तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. घराघरांत शिरून होणाऱ्या तपासण्यांनी लोक संतापलेले होते. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात सरकारी माणूस सुई घेऊन दारात उभा राहिला तर कोण हात पुढे करेल? तरीही लोणावळ्यात केला. किती जणांनी? हाफकिन यांच्या तक्त्यात रोजची सरासरी धरून टोचलेले ३२३ आणि न टोचलेले ३७७ असे आकडे आहेत. सरासरी कशासाठी, तर माणसं रोज येत-जात होती, कोणी गाव सोडत होतं, कोणी आज नाही तर उद्या टोचून घेत होतं.

टोचलेल्या ३२३ पैकी १४ जणांना प्लेग झाला, ७ गेले. न टोचलेल्या ३७७ पैकी ७८ जणांना झाला, ५७ गेले.

टक्केवारीत सांगायचं तर न टोचलेल्यांत शंभरातले जवळपास २१ आजारी पडले, टोचलेल्यांत ४. मृत्यू शंभरातले १५ विरुद्ध २. त्या ३७७ मध्ये प्रत्येक सातवा माणूस गेला. आज आपण वीकेंडला चिक्की घ्यायला आणि धुकं बघायला जातो त्या गावाबद्दल बोलतोय. मी लोकलने लोणावळ्याला उतरतो तेव्हा आता हा आकडा आठवतो.

पण इंजिनिअर म्हणून एक शंकाही घ्यायला हवी. टोचून घेणारे आणि न घेणारे हे दोन गट सारखेच होते का? रेल्वेतला पगारी माणूस टोचून घेईल, त्याचं घर बरं असेल, घरात उंदीर कमी असतील. मग फरक लशीचा की घराचा? त्या काळातल्या टीकाकारांनीही आकड्यांच्या काटेकोरपणावर बोट ठेवलं होतं. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लस उपयोगी आहे हे मान्य केलं, पण मोजणीच्या आणि डोस ठरवण्याच्या पद्धतीला नावं ठेवली.

याचं उत्तर हाफकिन यांनी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात दिलं. सयाजीराव गायकवाडांचं राज्य. तिथे त्यांनी प्रत्येक कुटुंबाचेच दोन भाग केले. घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचायचं, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, गरिबी तीच. २८ कुटुंबांतली १३५ माणसं. टोचलेले ७१, त्यांत रोगी ८, मृत्यू ३. न टोचलेले ६४, रोगी २७, मृत्यू २६.

हे वाचताना मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. प्रयोगाची आखणी म्हणून हे भायखळा आणि लोणावळा दोन्हींपेक्षा फार वरचं काम आहे, घराचा प्रश्नच निकालात निघाला. आणि दुसरी, ते २६. भाऊ टोचलेला आणि वाचला, बहीण न टोचलेली आणि गेली, अशी घरं तिथे असणार. आजच्या नियमांत असा प्रयोग करायला परवानगी मिळाली नसती, आणि मिळूही नये असं मला वाटतं. लस चालते की नाही हे तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं, हे खरं. भायखळा आणि लोणावळा बघून झालं होतं, हेही खरं.

मागणी वाढत गेली. आगाखान यांनी आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि खोजा समाजातल्या हजारो लोकांनी टोचून घेतलं. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. त्या एका खोली-व्हरांड्यापासून इथपर्यंत तीन वर्षंही लागली नव्हती.

मुल्कोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि लाखोंच्या संख्येने डोस मागवले गेले. उत्पादन वाढवायला हाफकिन यांनी पद्धतीत बदल केले. त्यातला एक बदल असा की कार्बोलिक ॲसिड न घालता फक्त उष्णतेने निर्जंतुक करायचं. पॅरिसमध्ये हे आधीपासून चालत होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड वाढला म्हणून पाइपलाइनमधली एक पायरी काढली. त्या पायरीची गरज होती का नव्हती, यावर पुढे पाच वर्षं वाद झाला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना टोचलं. आठवडाभरानंतर १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ गेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झालं नाही.

प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी बैठक बसते. काय झालं, कधी झालं, कोणत्या पायरीवर झालं. शहाणी टीम असेल तर 'कोणी केलं' हा प्रश्न शेवटी येतो. मुल्कोवालच्या चौकशीत तो पहिला आला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. निष्कर्ष : बाटली उघडायच्या आधीच दूषित होती, म्हणजे दोष परळच्या प्रयोगशाळेचा. कार्बोलिक ॲसिड वगळणं ही चूक धरली. हाफकिन यांना कामावरून दूर केलं, पगार थांबला. १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

आता पुरावा बघू. त्या दिवशी मुल्कोवालमध्ये मदतनिसाच्या हातून बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेता, नुसता औषधी पाण्यात बुडवून ५३-एन उघडण्यासाठी वापरला. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू राहतात कुठे? मातीत, शेणात. गावातल्या जमिनीवर ते असणारच, आणि पाण्यात नुसतं हलवल्याने ते मरत नाहीत.

दुसरा मुद्दा वेळेचा. बाटली ४१ दिवस आधी भरलेली होती. हा जंतू हवा नसलेल्या जागी जोमाने वाढतो. तो प्रयोगशाळेतच शिरला असता तर बंद बाटलीत सहा आठवडे वाढला असता, विष साठलं असतं आणि बाटली उघडताच सडका वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. आधीच तयार झालेलं विष अंगात गेलं असतं तर लक्षणंही लवकर दिसली असती. ती आठवड्याने दिसली, म्हणजे बीजाणू अंगात गेल्यावर तिथे वाढायला वेळ लागला. लॉगमधले टाइमस्टॅम्प जुळवले की बग कुठे आहे ते कळतं. इथे ते सगळे मुल्कोवालकडे बोट दाखवत होते, परळकडे नाही.

हे सगळं कागदपत्रांत होतं. तरी निर्णय उलटायला १९०७ उजाडलं. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला. मलेरियासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण उचलून धरलं. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आलं आणि हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध होत नाही असं त्यात बजावलं होतं. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली.

का लागली पाच वर्षं? हाफकिन डॉक्टर नव्हते, ब्रिटिश लष्करी वैद्यकीय सेवेतले नव्हते, रशियातून आलेले ज्यू होते. लंडनमध्ये काहींनी याची तुलना फ्रान्सच्या ड्रायफस प्रकरणाशी केली. मला वाटतं आणखीही एक साधं कारण आहे. दूर पंजाबातला एक चिमटा दोषी धरला तर प्रत्येक गावातल्या टोचणीची शिस्त तपासावी लागते. एका माणसाला दोषी धरलं की फाईल बंद होते. पण एवढंही म्हणतो की कार्बोलिक ॲसिड असतं तर पडलेल्या चिमट्यावरचे बीजाणू वाढले नसते, अशी शंका तेव्हा घेणारे सगळेच द्वेषाने बोलत नव्हते. दूरच्या खेड्यात काय काय चुकू शकतं ते धरून बाटली बनवायची असते, हा धडा त्या १९ जणांच्या जिवावर मिळाला. ते १९ लोक वादात फारसे कोणाला आठवले नाहीत, हे मला जास्त खुपतं.

नंतर

हाफकिन परत आले, पण परळला नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा दिली, माणसांवर लशीचे प्रयोग करायची मुभा मात्र नाही. जो माणूस वस्तीवस्तीत जाऊन मोजणी करायचा तो कागदावर अभ्यास करत बसला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. पुढचं आयुष्य पॅरिसजवळ आणि शेवटी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये गेलं. धर्माकडे ओढा वाढला होता, आणि मिळवलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी ठेवला. ज्या धर्मापायी ओडेसात प्राध्यापकी सोडली होती, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

लशीचं पुढे काय झालं? लाखो डोस परळहून गेले. पण ती लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, काही महिन्यांनी परिणाम उतरायचा, आणि उंदीर-पिसवांची साखळी समजल्यावर लढाईची दिशाही बदलली. मग स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं आली. आमच्या मावळाच्या वाटेवरच, पिंपरीत, १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मी कॉलेजला जाताना बस तिथूनच जायची आणि स्टॉपचं नावही एचए. प्लेग हा गोळ्या-इंजेक्शनने बरा होणारा आजार झाला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत तो पुन्हा दिसला, तेव्हा लोक घाबरून पळाले, पण डॉक्टरांच्या हातात औषध होतं.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, मादागास्करमधल्या एका १६ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून प्लेगचा जंतू काढून तपासला. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, म्हणजे प्लेगवर नेहमी दिली जाणारी औषधं, त्या जंतूवर चालत नव्हती. प्रतिरोधाची जनुकं एका छोट्या गोल डीएनएवर होती, त्याला प्लाझमिड म्हणतात, आणि तो एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकत होता. पेन ड्राइव्हसारखा. हे कळलं, कारण कोणीतरी तो नमुना नुसता प्लेग म्हणून सोडून न देता शुद्ध करून प्रत्येक औषधासमोर उभा केला. हाफकिन यांच्या चंबूत झुंबर बघायचे, तसं.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव दिलं गेलं. हाफकिन तेव्हा हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानमध्ये ते गेले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आत्याला मी लोणावळ्याचा तक्ता दाखवला. आकड्यांवरून तिने बोट फिरवलं आणि विचारलं की ते ३२३ लोक कोणत्या आळीतले होते. तक्त्यात तेवढं लिहिलेलं नाही.